काचेची धार, पोलादाचे पाते: इशी, डॉ. पोप आणि हरणाच्या शिकारीचा बाण

#थ्रेड #इतिहास

१/
हरणाच्या शिकारीसाठी बाणाला कोणते पाते लावावे आणि त्याची धार कशी राखावी? बंदुकीच्या युगात हा प्रश्न निकालात निघाला असे मानले जात होते. १९१२ नंतर सॅन फ्रान्सिस्कोतील एका शल्यचिकित्सकाने तो पुन्हा हाती घेतला. त्यांचे गुरू होते आपल्या जमातीतील अखेरचे गृहस्थ.

२/
आधी मूळ तत्त्व समजून घेऊ. बंदुकीची गोळी वेगाच्या आघाताने ऊतींचा नाश करते. बाणाचा वेग तिच्या तुलनेत फारच कमी. तो मारतो रक्तस्रावाने. म्हणून हरणासारख्या मोठ्या प्राण्यासाठी रुंद, दुधारी पाते लागते. ते बोथट असेल तर रक्तवाहिन्या कापण्याऐवजी बाजूला सारते आणि जखमी प्राणी दूरवर जाऊन तडफडत मरतो.

३/
हा भेद प्राचीन भारतालाही ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाणाग्रांची तीन कार्ये सांगितली आहेत: छेदन, भेदन आणि ताडन. धनुर्वेदाच्या परंपरेत ‘सूचीमुख’ म्हणजे सुईसारखे टोक, तर ‘क्षुरप्र’ म्हणजे वस्तऱ्यासारखे पाते. आपली कथा या छेदन करणाऱ्या पात्याची आहे, आणि ती घडते कॅलिफोर्नियात.

४/
उत्तर कॅलिफोर्नियातील डीअर क्रीक आणि मिल क्रीक या ओढ्यांच्या डोंगराळ परिसरात याही लोक राहत. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या वसाहतकारांनी १८६० च्या दशकात त्यांची हत्याकांडे केली. वाचलेले मूठभर लोक सुमारे चाळीस वर्षे दऱ्यांमध्ये लपून जगले. बंदुकीच्या आवाजाने माग लागेल, पण धनुष्याचा आवाज होत नाही. त्यांच्यासाठी धनुर्विद्या हा जिवंत राहण्याचा मार्ग होता.

५/
१९०८ मध्ये सर्वेक्षकांची एक तुकडी त्यांच्या शेवटच्या वस्तीवर येऊन धडकली. रहिवासी पळाले, आलेल्यांनी त्यांची अवजारेही उचलून नेली. २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकाकी पुरुष सापडला. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्यांना ‘इशी’ म्हटले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’ एवढाच. स्वतःचे खरे नाव त्यांनी अखेरपर्यंत उच्चारले नाही.

६/
इशी सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात राहू लागले. शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथील शल्यचिकित्सक डॉ. सॅक्स्टन पोप त्यांच्यावर उपचार करता करता त्यांचे स्नेही झाले आणि पुढे धनुर्विद्येतील शिष्य. एरवी शस्त्रक्रियेच्या सुऱ्या हाताळणाऱ्या या माणसाचे लक्ष इशींच्या बाणाग्रांच्या धारेकडे गेले, यात नवल नाही.

७/
इशींचे आवडते द्रव्य ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीतून निर्माण होणारी नैसर्गिक काच. तळहातावर चामड्याचा तुकडा घेऊन त्यावर ते काचेचा कपचा धरत. काठीला बांधलेल्या हरणाच्या शिंगाच्या टोकाने त्याच्या कडेवर दाब देत. प्रत्येक दाबासरशी एक बारीक ढलपी निघे. अर्ध्या तासात रेखीव बाणाग्र तयार होई. मग राळ आणि स्नायूचे तंतू वापरून ते बाणाला घट्ट बांधले जाई.

८/
शहरात आल्यावर त्यांनी बिअरच्या तपकिरी आणि औषधाच्या निळ्या बाटल्यांच्या काचेपासूनही अग्रे घडवली. काचेचा कण डोळ्यात उडाला तर उपाय ठरलेला: खालची पापणी बोटाने ओढायची, मान खाली घालायची आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्याच टाळूवर चापट मारायची! शहरातच त्यांनी पोलादी अग्रेही वापरायला सुरुवात केली. मग प्रश्न उभा राहिला: या दोहोंत श्रेष्ठ कोणते?

९/
पोप यांनी प्रयोग योजला. एका पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना हरणाचे ताजे कातडे ताणून बसवले आणि आत गाईबैलांचे यकृत भरले. इशींनीच केलेले, आकाराने आणि वजनाने सारखे दोन बाण घेतले. एकाला पोलादी अग्र, दुसऱ्याला ऑब्सिडियनचे. कमी ताकदीच्या धनुष्याने दहा यार्डांवरून ते पुन्हा पुन्हा सोडले. पोलाद २२ इंच शिरले. काच ३० इंच!

१०/
असे का व्हावे? पोप यांचे उत्तर शल्यचिकित्सकाला साजेसे होते. ढलप्या काढलेल्या काचेची कड सरळ नसते. तिच्यावर शिंपल्यासारखे बारीक खोलगट वक्र असतात. पाव कापायची दातेरी सुरी साध्या सुरीपेक्षा सहज चालते, तेच हे तत्त्व. निकाल ठरवला होता धारेच्या घडणीने.

११/
तरीही मोठ्या शिकारीसाठी पोप यांनी पोलादच निवडले. त्या पेटीत कातडे होते, यकृत होते, हाड मात्र नव्हते. काच धारदार असली तरी ठिसूळ. फासळीवर आदळली की फुटण्याची भीती. स्प्रिंगच्या पोलादाचे पाते आघात सोसते आणि त्याला पुन्हा धार लावता येते. त्यांची पाती सुमारे तीन इंच लांब आणि सव्वा इंच रुंद असत. रुंदी वाढली तर जखम मोठी होते, पण आत शिरताना अडथळाही वाढतो. निवड म्हणजे या दोहोंचा तोल.

१२/
आणि धार? १९२३ च्या ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ या ग्रंथात पोप शिकाऱ्याला सांगतात की सोबत एक लहान चपटी कानस असू द्या. पात्याची कड दातेरी, मांस कापणारी हवी. भात्यात बाण एकमेकांवर घासूनही पाती बोथट होतात, म्हणून घरून धार लावून निघणे पुरेसे नाही. कानशीने उमटणारे ते सूक्ष्म दाते पाहिले की इशींच्या काचेची कड आठवते. शिंगाच्या टोकाचे काम आता कानस करत होती.

१३/
कॅलिफोर्नियाच्या आजच्या नियमांनुसार मोठ्या प्राण्यांच्या धनुष्य-शिकारीसाठी बाणाचे पाते ७/८ इंच व्यासाच्या छिद्रातून पार होता कामा नये. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे.) ऑब्सिडियनची धारही विस्मृतीत गेली नाही. १९७० च्या दशकात दगडी अवजारांचे अमेरिकन जाणकार डॉन क्रॅबट्री यांनी स्वतःवरील शस्त्रक्रियेसाठी स्वतः घडवलेली ऑब्सिडियनची पाती शल्यचिकित्सकाला वापरायला दिली!

१४/
इशी २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने गेले. क्रोबर यांचा विरोध असूनही शवविच्छेदन झाले आणि त्यांचा मेंदू स्मिथसोनियन संस्थेत पोहोचला. तो त्यांच्या आप्त जमातींच्या हाती परत यायला २००० साल उजाडले. ज्या समाजाने त्यांची विद्या इतक्या आस्थेने नोंदवली, त्यानेच त्यांच्या देहाला संग्रहातील वस्तू मानले.

१५/
१९६१ मध्ये धनुष्य-शिकाऱ्यांची ‘पोप अँड यंग क्लब’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या नावात डॉ. पोप आहेत, त्यांचे शिकारसोबती आर्थर यंग आहेत, इशी नाहीत. पण कानशीने पात्यावर दाते पाडणारा शिकारी जे करतो, त्यामागे डीअर क्रीकच्या दरीत लपून जगलेल्या माणसांचेही ज्ञान आहे. त्यांच्या शस्त्राची आठवण राहिली, तशी त्यांचीही राहावी.

(समाप्त)