ख्रिस्ती माणसाचे मृत्युपत्र : एका कलमाची कथा

१७३६ साली इंग्लंडच्या संसदेने एक कायदा केला. मरणशय्येवरील माणसाच्या भीतीचा लाभ घेऊन धर्मसंस्था त्याची जमीन मिळवतात आणि वारस उघड्यावर पडतात, अशी तक्रार तेव्हा होती. म्हणून धर्मादायासाठी जमीन द्यायची, तर मृत्यूच्या किमान बारा महिने आधी दस्त करावा व सहा महिन्यांत त्याची नोंद व्हावी, असे बंधन आले. शंकेचा रोख आम्हा धर्मगुरूंवरही होता. आणि ती सर्वस्वी निराधार होती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आपल्या देशात तोवर ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेला कोणता कायदा लागू, हेच निश्चित नव्हते. बल्लारीच्या अब्राहम कुटुंबाच्या तंट्यात १८६३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवले, की धर्मांतरितांनी जुना हिंदू कायदा पाळला की सोडला, हे त्यांच्या वागणुकीवरून पाहावे. १८६५ च्या वारसा कायद्याने हा घोळ बव्हंशी संपवला; पण त्याबरोबर ती इंग्रजी शंकाही आपल्या घरात आली. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात ती ११८ वे कलम होऊन बसली. ज्याला पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचे नातलग आहेत, त्याने धर्मकार्यास वा दानधर्मास काही ठेवायचे, तर मृत्युपत्र मृत्यूच्या वर्षभर आधीचे हवे आणि सहा महिन्यांत सरकारी सुरक्षित ताब्यात दिलेले हवे. अनाथालयाला चार पैसे लिहून देणारा आठ महिन्यांत वारला, की ते दान रद्द! हिंदू वा मुसलमान बांधवांवर असे बंधन नव्हते. पारशी १९९१ साली सुटले. अखेर केरळचे फादर जॉन वल्लमट्टम यांनी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २००३ रोजी, समतेच्या हक्काचा भंग होतो म्हणून, ते कलम रद्द ठरवले.

दानाची वाट मोकळी झाली. घरच्यांचे काय? मृत्युपत्र नसेल, तर पत्नी व मुले मागे ठेवून जाणाऱ्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश पत्नीला आणि दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी समान, असा हिशेब आहे. नातेपुत्यासारख्या गावी सातबाऱ्यावर वारसांची नोंद होताना बहिणींपुढे हक्कसोडीचा कागद सरकवला जातो. कायदा मात्र त्यांच्या बाजूने आहे. पण म्हाताऱ्या आईला या वाटणीत काहीच मिळत नाही. मुलाच्या आधाराने जगणाऱ्या त्या माउलीची तरतूद मृत्युपत्रातूनच करावी लागते. अपंग अपत्यासाठी १८८२ च्या कायद्याखाली विश्वस्त नेमता येतात.

कागद साधाच असतो. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरेत. नोंदणीची सक्ती नाही. मात्र ज्याला किंवा ज्याच्या पती-पत्नीला त्यातून काही मिळणार, त्याने साक्ष करू नये, अन्यथा ते देणे बुडते. चर्चला काही ठेवले असेल, तर फादरांची साक्ष घेऊच नका, असे माझे सांगणे आहे. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : लग्नानंतर आधीचे मृत्युपत्र रद्द होते, ते नव्याने करावे लागते. ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. दानाच्या मृत्युपत्रासाठी पूर्वी जी सक्ती होती, ती आता केवळ सोय आहे.