ओटीपी, पिन आणि परवलीचा शब्द : ऑनलाइन फसवणूक नेमकी कोठे घडते?

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी बँकेची यंत्रणा बाजूला सारून हल्लेखोरांनी बनावट यंत्रणेद्वारे मंजुरी दिली आणि दोन डझनांहून अधिक देशांतून रक्कम काढण्यात आली. संगणकीय गुन्हा म्हटले की सर्वसाधारणपणे असेच चित्र डोळ्यांसमोर येते. सामान्य खातेदाराला लुबाडण्यासाठी मात्र एवढा खटाटोप क्वचितच केला जातो. त्याच्या तिजोरीचे कुलूप फोडले जात नाही, त्याच्याच हातून ते उघडून घेतले जाते. त्यामुळे आपल्याजवळच्या कोणत्या किल्लीने कोणते दार उघडते, हे ठाऊक असणे हेच संरक्षणाचे पहिले साधन ठरते.

परवलीचा शब्द, अर्थात पासवर्ड, ही केवळ ओळख होय. ‘मी अमुक खातेदार आहे’ एवढेच तो सांगतो. ओटीपी ही बहुधा एखाद्या विशिष्ट कृतीसाठी दिलेली एकवेळची परवानगी असते. कार्डाद्वारे इंटरनेटवर होणाऱ्या खरेदीसाठी अशी अतिरिक्त पडताळणी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक केली. ओटीपीचा संदेश आला की अनेकांचे लक्ष केवळ अंकांकडे जाते. वास्तविक तो कशासाठी आहे आणि किती रकमेसाठी आहे, हे त्याच संदेशात बहुतेक वेळा लिहिलेले असते. ‘तुमचे व्यवहार थांबविण्यासाठी ओटीपी सांगा’ असे दूरध्वनीवरील व्यक्ती म्हणत असते आणि संदेशात मात्र रक्कम वळती करण्याचा उल्लेख असतो.

यूपीआय पिनचा अर्थ याहून स्पष्ट आहे. तो खात्यातून रक्कम वजा करण्याचा आदेश आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. जुने कपाट किंवा सोफा विकण्याची जाहिरात देणाऱ्याला ‘खरेदीदार’ दूरध्वनी करतो, घासाघीस न करता किंमत मान्य करतो आणि ‘पैसे पाठवितो, फक्त पिन टाका’ असे सांगतो, तेथेच त्याचे पितळ उघडे पडावयास हवे. या प्रकारात एका व्यक्तीने दुसरीकडे पैशांची मागणी पाठविण्याच्या सुविधेचा गैरवापर होत असे. ती सुविधा १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. क्यूआर कोडचा मार्ग मात्र उरला आहे.

पत्ता कसा वाचावा?

बनावट संकेतस्थळाची खरी ओळख त्याच्या सजावटीवरून पटत नाही, कारण बोधचिन्ह आणि रंगसंगतीची नक्कल सहज करता येते. पत्त्यावरून ती पटते, मात्र तो उलट्या दिशेने वाचावा लागतो. टपालाच्या पत्त्यात जसे घराच्या नावापेक्षा शेवटी लिहिलेले गाव निर्णायक असते, तसेच येथेही आहे. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे नाव येते, ते संकेतस्थळाच्या मालकाचे. त्याआधी बँकेचे नाव कितीही ठळकपणे गुंफलेले असले तरी त्याला अर्थ नाही. एचटीटीपीएस या अक्षरांचाही अनेकदा गैरसमज होतो. संभाषण तिसऱ्याला ऐकू जाणार नाही, एवढीच हमी ती देतात. समोरचा प्रामाणिक आहे असे नव्हे. भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली येण्याची मुदत रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही ठेवली होती. हे नाव केवळ बँकांनाच दिले जात असल्याने ग्राहकाचे काम बरेच सोपे झाले आहे.

दुवा उघडण्याहून अधिक धोक्याची गोष्ट म्हणजे अनोळखी ॲप उतरवून घेणे. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून आलेल्या फाइलच्या नावाअखेर ‘एपीके’ ही अक्षरे असतील, तर तो कागद नसून संपूर्ण ॲप असते. एकदा परवानगी मिळाली की ते फोनवरील संदेश, पर्यायाने ओटीपीही, परस्पर वाचू शकते. दुसऱ्याला आपला पडदा दाखविणाऱ्या, दूरवरून नियंत्रण देणाऱ्या ॲपच्या गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते.

‘डिजिटल अटक’ या प्रकारात तर तंत्रज्ञान नाममात्रच असते. सारा खेळ भीतीचा. गणवेशातील तोतया अधिकारी व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास खिळवून ठेवतो, घरच्यांशीही बोलू देत नाही आणि ‘पडताळणीसाठी’ रक्कम वळती करावयास लावतो. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मधील ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट केले होते. या दूरध्वनींमागील माणसेही कधीकधी कैदीच असतात. नोकरीच्या आमिषाने म्यानमारमधील अशा केंद्रांत अडकलेल्या शेकडो भारतीयांना मार्च २०२५ मध्ये मायदेशी आणण्यात आले.

संगणकाच्या निगेबाबत थोडक्यात सांगावयाचे तर प्रत्येक ठिकाणी वेगळा परवलीचा शब्द ठेवावा आणि अद्ययावतीकरण लांबणीवर टाकू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक वेठीस धरले, तेव्हा त्यावरील दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती.

नुकसान कोणाचे?

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याबाबत एक रेषा आखली. बँक व ग्राहक या दोघांचीही चूक नसताना त्रयस्थाने रक्कम काढली आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर कोणताही भार नाही. त्याने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवरच ठेवण्यात आले, ही बाब तक्रारदारांना फारशी ठाऊक नसते.

म्हणूनच वेळेला महत्त्व आहे. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दिलेली माहिती संबंधित बँकेकडे तत्काळ पाठविली जाते. रक्कम तेथेच असल्यास गोठविली जाते आणि पुढे सरकली असल्यास माहिती पुढील बँकेकडे जाते. चोरटे मात्र भाडोत्री खात्यांतून रक्कम काही मिनिटांतच फिरवितात. त्यामुळे आधी १९३० व बँक, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर सविस्तर तक्रार, असा क्रम ठेवावा. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि आलेले संदेश जवळ असावेत. लाजेपोटी किंवा पुराव्याला धक्का बसेल या समजुतीने फोन बंद करून ठेवण्याची गरज नाही. मात्र संदेश पुसू नयेत.