अंगणवाडी (बोर्डी–कोसबाड प्रयोग)

शाळेच्या वयाआधीच्या मुलांना त्यांच्याच घराच्या ओट्यावर, अंगणात किंवा पाड्यातल्या झाडाखाली, हाताशी सापडेल त्या वस्तूंशी खेळवत शिकवण्याची पद्धती. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ती डहाणू तालुक्यात बोर्डी येथे १९४५ पासून आणि कोसबाडच्या टेकडीवर १९५७ पासून घडवली. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

ताराबाई १९२३ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याकडे आल्या आणि तिथे माँटेसरी पद्धतीत मुरल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. शहरात काम नावारूपाला आले, पण ज्या मुलांच्या घरी पाटी-पुस्तकही नाही त्यांच्यापर्यंत ते पोचत नव्हते. डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले ते याच अस्वस्थतेतून. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या.

ज्या मुलखात हे घडले त्याची स्थिती लक्षात घ्यावी लागते. १९४५ हेच वारली आदिवासींच्या उठावाचे वर्ष. आताच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे मे महिन्यात झालेल्या सभेत, किसान सभेचे नेते गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने, वेठीला जाणार नाही अशी शपथ आदिवासींनी घेतली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत. अशा घरातले मूल पाच-सहा वर्षांचे झाले की गुरांमागे जाई, आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेई. अशा मुलांसाठी इमारत बांधून, घंटा वाजवून वाट पाहणे व्यर्थ होते.

बोर्डीच्या बालवाडीत गरीब वस्तीतली मुले येईनात, तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या. अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. ही स्वच्छता म्हणजे शिक्षणाआधीचा उपचार नव्हता. लोट्याने पाणी ओतणे, फडके पिळणे, बटण लावणे हाच पहिला हस्तोद्योग होता. माँटेसरीने ज्याला जीवनव्यवहाराचे पाठ म्हटले ते इथे खऱ्या गरजेतून आले, आणि या प्रयोगाचे सर्वांत मोलाचे अंग हेच आहे.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. माँटेसरीची लाकडी दंडगोल, मनोरे, घंटा ही साधने महाग होती. मात्र त्यांच्यामागचे तत्त्व सोपे आहे : एका वेळी एकच गुण वेगळा काढून मुलाच्या हाती द्यावा, लहान-मोठा, जड-हलका, खरखरीत-गुळगुळीत. हे गुण बोर्डीच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत, नदीतल्या गोट्यांत, बियांत आणि पानांत होतेच. लहान शिंपल्यापासून मोठ्या शिंपल्यापर्यंत रांग लावणारे मूल मनोरा रचणाऱ्या मुलाइतकेच बारकाईने पाहत असते.

घरी आजही हे करता येते. चिंचोके, करंजाच्या बिया आणि सागरगोटे एकत्र मिसळून तीन करवंट्यांत निवडायला द्यावेत; पुढे डोळे बांधून नुसत्या स्पर्शाने. बंद डब्यांत तांदूळ, खडे, चिंचोके घालून हलवावे आणि आवाजावरून जोड्या लावाव्यात. सुपात मूठभर भात देऊन पाखडू द्यावे. दाणे सांडतात, पण मनगट तयार होते, आणि पुढे पेन्सिल धरायची ती याच मनगटाने. सागाचे मोठे पान, पळसाचे त्रिदल, शिंदीची लांबट पाती जमिनीवर मांडून कडा बोटाने गिरवाव्यात. ओल्या मातीचे बैल, चूल, भाकरी होतात. अक्षर पाटीवर येण्याआधी रेतीत बोटाने उमटते. चुकले तर तळहाताने पुसले, आणि पुसल्याची खूणही राहत नाही. भिणाऱ्या मुलाला याचा फार आधार असतो.

दोन गोष्टींपासून मात्र जपावे. गुंजेचे लालकाळे बी दिसायला मोहक, पण ते विषारी आहे. चावले गेल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून खेळात घेऊच नये. चिकूच्या बिया डहाणू-घोलवडला ढिगाने मिळतात. त्या टोकदार व निसरड्या असून घशात अडकतात, तेव्हा सगळे तोंडात घालण्याच्या वयाच्या बाळापुढे त्या ठेवू नयेत.

वारली घरात बिया-पानांहूनही समृद्ध साधन आधीपासून आहे. कुडाची भिंत, शेण-गेरूचे सारवण, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची चेचलेली काडी. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्या आकारांतून माणूस, झाड, घर उभे राहते. लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत, आणि डहाणूतील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८) यांनी ही कला जगापुढे नेली. आजीच्या शेजारी बसून पिठाचा ठिपका देणारे मूल भूमितीच शिकत असते. त्याला छापील चित्रात रंग भरायला बसवणे हे त्याच्याजवळचे काढून घेण्यासारखे आहे.

कोसबाडला दोन नव्या वाटा निघाल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. तिथे झाडे, दगड, पक्षी हेच पाठ. आणि धाकट्याला सांभाळणाऱ्या बहिणीची शाळा सुटू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पोषण आहार, लसीकरण, वजन-उंचीची नोंद ही तिथल्या ताईंची मोठी कामगिरी आहे. परंतु नोंदवह्यांच्या भाराखाली खेळाचा वेळ आक्रसतो, आणि अंगण मागे पडून खोली उरते.

भाषेचा मुद्दा याला जोडूनच येतो. मूल वारली बोलते आणि ताई पुस्तकी मराठीत गाणे म्हणते, तेव्हा ते हातवारे करते, शब्द धरत नाही. बी, पान, पाखरू यांची नावे आधी घरच्या बोलीत घ्यावीत, मग दुसरी जोडावीत. दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर डहाणू-तलासरीतली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पाड्यावरची अंगणवाडी रिकामी होते. ताराबाई-अनुताईंच्या पद्धतीप्रमाणे तिने मुलांमागे भट्टीवर जायला हवे. माती, पाणी आणि साचे तिथे आहेतच.