पायांचा वास आणि टबातले पाणी

पायांना वास येण्याचे मूळ कारण एकच आहे : कातडीवर फार वेळ टिकून राहिलेला ओलावा. रोज दोन वेळा आंघोळ करणाऱ्या माणसाच्याही पायांना वास येतो, आणि उन्हाळ्यात दिवसभर अनवाणी फिरणाऱ्याच्या पायांना बहुधा येत नाही. म्हणून हा विषय अस्वच्छतेच्या खात्यात टाकून लाजत बसण्यापेक्षा तो नीट समजून घ्यावा. घरी पाण्यात पाय भिजवण्याचे जे उपाय सांगितले जातात, त्यातला कोणता का चालतो आणि कोणता चालत नाही, हे त्या समजुतीवरच ठरते.

तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा हा या विवेचनासाठी योग्य प्रदेश आहे. इथे वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमीन काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. पीक मुख्यतः कापसाचे, आणि कापसाची निंदणी नेमकी याच चार महिन्यांत येते. बायका चिखलात अनवाणी किंवा प्लॅस्टिकच्या चपलांत उभ्या असतात, पुरुष गमबुटांत, आणि शाळकरी मुले पावसात भिजलेल्या एकाच जोडाच्या बुटांत. बेला, जैनथ, तांसी, बोथ या भागांतल्या मराठी घरांत बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांची तक्रार जशी ऐकू येते, तशीच ती सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या किनवटलाही ऐकू येते. 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्याची सीमा मध्ये आली, तरी माती आणि पाऊस तेच राहिले.

वास कसा तयार होतो

दोन्ही तळपायांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात. इतक्या दाट ग्रंथी शरीरावर तळहात सोडल्यास क्वचितच कुठे सापडतील. या ग्रंथी उष्णतेने पाझरतात तशा मनावरच्या ताणानेही पाझरतात, म्हणून परीक्षेच्या काळात मुलांचे मोजे अधिक ओले होतात. ताज्या घामाला मात्र जवळजवळ वास नसतो. तळव्याची कातडी जाड असते, तिचा वरचा मृत थर घामाने फुगून मऊ व पांढुरका होतो, आणि कातडीवर नेहमीच वस्तीला असलेले जिवाणू त्या थरावर आणि घामातल्या अमिनो अम्लांवर पोसू लागतात.

या जिवाणूंतले तीन गट महत्त्वाचे. पहिला स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. तो घामातल्या ल्यूसिन या अमिनो अम्लापासून आयसोव्हॅलेरिक अम्ल बनवतो. पायांचा आंबूस, कुबट वास प्रामुख्याने याच अम्लाचा, हे 2006 मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले गेले. दुसरा गट ब्रेव्हिबॅक्टेरियमचा. तो मेथिओनिनपासून गंधकयुक्त मिथेनथायॉल तयार करतो. काही विलायती चीज मुरवण्यासाठी याच कुळातले जिवाणू वापरतात, आणि तशा चीजचा वास पायांच्या वासासारखा असतो तो त्यामुळेच. तिसरा कायटोकॉकस सेडेंटेरियस. हा केवळ वास करून थांबत नाही, कातडीतले केराटिन विरघळवणारी विकरे सोडतो. मग टाचेवर आणि चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, पाय भिजला की ते ठळक दिसतात आणि वास फार उग्र येतो. अशा खड्ड्यांच्या विकाराचे वर्णन आल्दो कास्तेल्लानी या इटालियन डॉक्टरांनी 1910 मध्ये श्रीलंकेतल्या रुग्णांवरून केले होते, आणि ते रुग्ण पावसाळ्यात अनवाणी चालणारे लोक होते. त्यामुळे अनवाणी राहिल्याने वास टळतो हे विधान कोरड्या जमिनीपुरतेच खरे मानावे. केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेसराम कुळातले गोंड भाविक पौष महिन्यात अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. त्या कोरड्या थंडीत पायांना धोका भेगांचा असतो. तेच पाय श्रावणातल्या चिखलात वेगळ्या विकाराला तोंड देतात.

चिखल्यांचे प्रकरण थोडे निराळे आहे. त्यात बेचकीतली कातडी कुजते, खाजते, सोलते, आणि बहुतेकदा बुरशी व जिवाणू दोन्ही असतात. वास तिथेही येतो, पण नुसत्या घामाच्या वासावरचे उपाय तिथे पुरत नाहीत.

पाण्यात काय घालावे

सर्वात आधी मिठाविषयी, कारण मिठाचे कोमट पाणी हा घरोघरचा पहिला उपाय आहे. टबात मूठभर मीठ टाकले तर पाण्यात दोनेक टक्के मीठ होते. स्टॅफिलोकॉकस सात-आठ टक्के मिठातही वाढतो. प्रयोगशाळेत त्याला इतर जिवाणूंपासून वेगळा काढायला खारट माध्यमच वापरतात. ब्रेव्हिबॅक्टेरियम तर चीजच्या खाऱ्या सालीवर राहणारा. म्हणजे ज्यांना मारायचे, तेच जिवाणू मिठाला दाद देत नाहीत. मिठाच्या पाण्याने थकवा उतरल्यासारखा वाटतो, मळ सुटतो, इतकेच त्याचे श्रेय.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर हे दोन उपाय एकाच दमात सांगितले जातात, पण ते एकमेकांच्या नेमके उलट काम करतात. आयसोव्हॅलेरिक अम्ल सोड्याच्या पाण्यात गेले की त्याचा क्षार होतो. क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास तत्काळ कमी होतो. परंतु निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण 4.5 ते 5.5 च्या आसपास. सोड्याने तो वर जातो, आणि वास करणाऱ्या जिवाणूंना तसा उदासीन किंवा अल्कधर्मी पृष्ठभाग अधिक मानवतो. संध्याकाळी गेलेला वास दुसऱ्या दिवशी परत येतो तो यामुळे. व्हिनेगरचे उलट आहे. त्याने आधीच तयार झालेले अम्ल मुक्त रूपात राहते, त्यामुळे पाय टबात असताना वास कमी झाल्याचे जाणवणार नाही, उलट थोडा वाढलाही वाटेल. पण कातडीचा सामू खाली येतो आणि जिवाणूंची वाढ मंदावते. माझे मत असे की पायांसाठी व्हिनेगर घ्यावे आणि सोडा बुटांसाठी ठेवावा. रात्री बुटात चमचाभर सोडा भुरभुरून सकाळी झटकून टाकला, तर तो वास शोषतो आणि कातडीला काही करत नाही.

व्हिनेगरचे प्रमाण सांभाळणे आवश्यक आहे. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण 4 टक्के ॲसिटिक अम्ल असते. त्याच्या एका भागात तीन भाग पाणी घातले की ते एक टक्क्यावर येते. पंधरा मिनिटे पुरेत. कातडी फाटलेली, सोललेली असेल तर ते झोंबते, आणि झोंबत असतानाही पाय तसेच ठेवले तर जखम होते. निव्वळ व्हिनेगर कधीही लावू नये.

चहाच्या पाण्याचा उपाय मला अधिक तर्कशुद्ध वाटतो. चहापत्तीत टॅनिन असते. टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधते, कातडीचा वरचा थर आवळतो आणि घाम काही काळ कमी येतो. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडे कमावतात ते याच गुणामुळे, आणि आदिलाबादच्या रानात हिरडाही आहे, बांधावर बाभळही. तीन-चार लहान चमचे चहापत्ती अर्धा लिटर पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळावी, गाळावी, त्यात दोन लिटर साधे पाणी घालावे आणि आठवडाभर रोज वीस-तीस मिनिटे पाय बुडवावेत. दूध-साखरेचा चहा अर्थातच नको. तळवे थोडे तांबूस होतील, ते आपोआप जाते. या उपायावर मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत, त्यामुळे त्याला सिद्ध औषध म्हणू नये. निरुपद्रवी आणि सकारण उपाय म्हणावे.

तुरटीचेही तसेच. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम व पोटॅशियमचा सल्फेट क्षार. ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नलिकांची तोंडे तात्पुरती बुजवतात. अति घामावर डॉक्टर जे द्रावण देतात, त्यातही ॲल्युमिनियम क्लोराइड असते, आणि त्याची उपयुक्तता चाचण्यांतून दिसलेली आहे. तुरटी त्याहून सौम्य. दोन लिटर पाण्यात चमचाभर पूड, रात्री झोपण्यापूर्वी, कारण झोपेत तळव्यांना घाम कमी येतो आणि क्षाराला नलिकेत बसायला वेळ मिळतो.

कडुनिंबाचा काढा वापरण्यास हरकत नाही, त्यापासून चमत्काराची अपेक्षा नको. गवती चहाचा विचार मात्र व्हायला हवा. वर सांगितलेल्या जपानी अभ्यासात सिट्राल हा लिंबासारख्या वासाचा घटक आयसोव्हॅलेरिक अम्ल तयार होणे रोखतो असे दिसले, आणि गवती चहाच्या तेलातला मुख्य घटक सिट्रालच आहे. तो उडून जाणारा असल्यामुळे पाने उघड्या भांड्यात खळखळ उकळू नयेत. उकळते पाणी ओतून झाकण ठेवावे आणि कोमट झाल्यावर वापरावे.

मेंदी हा भिजवण्याचा उपाय नाही, पण इथल्या परंपरेत तिला मोठी जागा आहे. तेलुगू घरांत आषाढात गोरिंटाकु म्हणून मेंदीचा पाला वाटून हातापायांना लावतात. मराठी घरांतही पावसाळ्यात चिखल्यांवर मेंदी लावण्याची रीत आहे. मेंदीतल्या लॉसोन या रंगद्रव्यात बुरशीरोधक गुण आढळले आहेत. दोन भाषांच्या बायकांनी एकाच ऋतूत एकाच झाडाचा पाला पायांना लावावा, यात मला चिखलाशी आलेल्या दीर्घ अनुभवाची खूण दिसते. पाला मात्र ताजा हवा. बाजारातल्या काळ्या मेंदीत मिसळलेल्या रसायनांनी कातडीला फोड येतात.

पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकण्याचे जांभळे औषध, याचे अगदी फिके गुलाबी पाणी त्वचारोगतज्ज्ञ ओलसर, पाझरणाऱ्या पायांसाठी सांगतात. प्रमाण दहा लिटरला एक ग्रॅम. एखादा खडा न विरघळता राहिला तर कातडी भाजते. हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नये.

भिजवण्याआधी आणि नंतर

टबातली पंधरा मिनिटे हा उपचाराचा लहान भाग आहे. आधी साबणाने पाय धुवावेत, बेचक्यांत बोट फिरवून. आदिलाबाद परिसरात पैनगंगेच्या खोऱ्यातला चुनखडीचा पट्टा आहे. अशा खडकातले बोअरचे पाणी जड असते, साबणाचा फेस होत नाही आणि चिकट साका कातडीवर राहतो. तो भरपूर पाण्याने काढून टाकावा. पाणी कोमटच असावे. फार गरम पाण्याने रक्तवाहिन्या फुगून घाम उलट वाढतो. शेतात कीटकनाशकाची फवारणी करायची असेल त्या सकाळी पाय भिजवू नयेत, कारण भिजून मऊ झालेली कातडी विष अधिक शोषते. घरी परतल्यावर आधी साबणाने अंग-पाय धुवावेत, भिजवणे त्यानंतर.

मग पाय पुसणे. यातच बहुतेकांचे चुकते. भिजवलेला पाय ओलाच बुटात किंवा स्लिपरमध्ये गेला, तर टबात काहीही घातलेले असो, आपण जिवाणूंना हवा तसा ओलावा स्वतःच्या हाताने दिला. प्रत्येक बेचकी सुती फडक्याने कोरडी करावी आणि पाय दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवावेत.

बूट एकदा आतून ओला झाला की सुकायला पुष्कळदा चोवीस तासांहून अधिक लागतात. म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि गरिबाच्या घरी तोच सर्वांत अवघड. दुसरा जोड नसेल तर आतला तळवा काढून वेगळा सुकवावा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. मोजे रोज बदलावेत, धुताना गरम पाणी वापरावे. नायलॉनच्या मोज्यात घाम शोषला जात नाही, सुती मोजा शोषतो, पण ओला झाल्यावर ओलाच राहतो, म्हणून शक्य असेल तर दुपारी दुसरा घालावा. ज्या जिल्ह्याच्या बाजारात दर हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तिथल्या शेतकऱ्याच्या मुलाला शाळेसाठी दोन जादा सुती मोजे मिळू नयेत, याचे मला वाईट वाटते. गमबूट घालू नका असे मात्र मी कोणालाही सांगणार नाही. कापसाच्या वाफ्यात सापाचा धोका वासापेक्षा फार मोठा आहे.

कोणी पाय भिजवू नयेत

मधुमेहाच्या रुग्णांनी पाय भिजवत ठेवू नयेत. त्यांच्या पायांची संवेदना पुष्कळदा कमी झालेली असते, त्यामुळे पाणी किती गरम आहे किंवा व्हिनेगर झोंबते आहे हे कळतच नाही. भाजल्याचा फोड, त्याची जखम, जखमेतला संसर्ग आणि शेवटी बोट कापावे लागणे, ही साखळी वैद्यकात सर्वपरिचित आहे. त्यांनी रोज पाय धुवावेत, लगेच कोरडे करावेत आणि तळवे डोळ्यांनी तपासावेत.

कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांना मात्र साध्या, गार पाण्यात रोज भिजवून, घट्टे हलकेच घासून तेल लावायला सांगतात. वरोऱ्याचे आनंदवन आणि निजामाबादजवळचे डिचपल्लीचे रुग्णालय ही या रोगाच्या सेवेची जुनी ठिकाणे आदिलाबादपासून फार दूर नाहीत, त्यामुळे हा सल्ला इथल्या अनेकांच्या कानांवरून गेलेला असतो. तो वासासाठीचा सल्ला समजू नये. त्या पायांना घामच येत नाही, कातडी कोरडी पडून फाटते, आणि पाण्याने तिला ओलावा द्यायचा असतो. घामट पायाची गरज याच्या थेट विरुद्ध आहे. बधिर पायाला गरम पाणी, व्हिनेगर, परमँगनेट यांपैकी काहीही स्वतःहून लावू नये.

तळव्यावर खड्डे दिसत असतील तर घरगुती पाण्याने वेळ दवडू नये. जिवाणूनाशक मलमाने हा विकार काही आठवड्यांत बरा होतो. बेचक्या खाजत, सोलत असतील तर बुरशीनाशक लागते, आणि इथे एक धोका आहे. मेडिकलमधून चिठ्ठीविना मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत जाते, आणि औषधांना न जुमानणाऱ्या नायट्याचा जो प्रश्न आज भारतभर उभा आहे, त्यात अशा मलमांचा मोठा हात आहे.

नुसत्या घामाच्या वासासाठी चहा, तुरटी किंवा पातळ व्हिनेगर यांपैकी एकच उपाय निवडावा, तो तीन-चार आठवडे कोरड्या बुटांच्या जोडीने करावा. तेवढ्याने फरक पडला नाही तर आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात पाय दाखवा, आणि जाताना आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक मलमाची ट्यूब सोबत न्या.