झोळीपासून घटनेपर्यंत : खानदेशातल्या संस्था आणि आपली दिंडी

शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावातून पहिल्यांदा दिंडी निघाली, तेव्हा तिच्याजवळ एक वीणा, एक मृदंग, टाळांचे थोडे जोड आणि एक पताका एवढाच पसारा होता. पावतीपुस्तक नव्हते, शिक्का नव्हता, बँकेत खाते नव्हते. दादर, बाजरी, डाळ घरोघरून गोळा व्हायची. कन्नडचा घाट चढताना ज्याच्या बैलगाडीत जागा असेल त्याच्या गाडीत ती जायची. हिशोब मालकांच्या डोक्यात, आणि मालकांवर सगळ्यांचा भरवसा. एवढ्यावर कितीतरी वर्षे वारी झाली.

आज त्याच दिंडीची नोंदणी झालेली संस्था आहे, पंढरीत जागा आहे, दरवर्षी हिशोब तपासणी होते. नवी पोरे विचारतात, "एवढ्या कागदांची भानगड कशाला? विठ्ठलाला काय पावती लागते?" प्रश्न वावगा नाही. विठ्ठलाला लागत नाही, आपल्याला लागते. का लागते, ते सांगायला या शताब्दीच्या निमित्ताने आम्ही आपल्याच खानदेशातल्या जुन्या संस्थांकडे वळलो. आपल्या आधी काहींनी ही वाट तुडवली आहे.

वारीतली मूळ घडण

व्यवस्था म्हणजे सरकारी गोष्ट, असा समज आपल्यात आहे. पण वारी व्यवस्थेवरच चालते. माऊलींच्या पादुका पूर्वी तुकोबारायांच्या पालखीबरोबर जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अरफळच्या हैबतबाबांनी आळंदीहून माऊलींचा सोहळा स्वतंत्र सुरू केला. हैबतबाबा शिंदे सरकारच्या पदरी ग्वाल्हेरला होते. गावी परतताना सातपुड्याच्या वाटेवर टोळीने त्यांना अडवले आणि हरिपाठाच्या बळावर ते सुटले, असे परंपरा सांगते. म्हणजे या सोहळ्याच्या कथेत आपला सातपुडाही आहे. ते लष्करी शिस्तीत वावरलेले, म्हणून दिंड्यांचे क्रम, चोपदार, तळ, समाज आरती हे सगळे नेमाने बसले. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची सेवा दिली. हैबतबाबा गेले, पण कोणी कुठे चालायचे हे ठरलेले असल्यामुळे सोहळा थांबला नाही.

संस्था म्हणजे तरी काय? सुरू करणारा माणूस गेल्यावरही काम चालू राहिले पाहिजे, त्याची तजवीज.

धुळ्याचे नानासाहेब देव

आपल्या भागात या कामाचे पहिले ठळक नाव शंकर श्रीकृष्ण देव यांचे. धुळ्यात त्यांना नानासाहेब म्हणत. जन्म १८७१ चा, पेशा वकिलीचा. १८९३ साली, ऐन बाविशीत, त्यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली. समर्थ रामदासांचे आणि रामदासी परंपरेचे वाङ्मय मठामठांत बाडांमध्ये पडून होते. कसर लागायची, पावसात भिजायचे, कुणी रद्दीत घालायचे. नानासाहेब आणि त्यांचे सोबती मठोमठ हिंडले आणि बाडे गोळा केली. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्या आधारे १९०५ साली सभेने दासबोध छापला. पुढे १९३५ साली धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. तिथे दैवत म्हणून मान आहे तो हस्तलिखितांना.

सभा निघाली तेव्हापासून वाग्देवता मंदिर उभे राहीपर्यंत बेचाळीस वर्षे गेली. आपण दोन वर्षांत सभामंडप झाला नाही तर कमिटीवर रुसतो. नानासाहेब १९५८ पर्यंत जगले आणि पासष्ट वर्षे एकाच कामाला धरून राहिले. नोंदणीला अर्ज एक दिवसात करता येतो, पण लोकांचा विश्वास असा वर्षानुवर्षे मुरावा लागतो.

रागावून गेलेला संस्थापक

दुसरे उदाहरण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे. जुनी कागदपत्रे मिळवण्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच पुढाकाराने. स्वभाव मात्र करडा. पुढे मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर झाले. शेवटी ते धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचा देह पडला.

इथे दोन गोष्टी झाल्या. संस्थापक रागावून निघून गेला तरी पुण्याचे मंडळ मोडले नाही, कारण त्याला सभासद होते, नियम होते, काम वाटलेले होते. आणि इकडे धुळेकरांनी राजवाड्यांच्या मागे त्यांचे कागद वाऱ्यावर सोडले नाहीत. १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. भास्कर वामन भट यांच्यासारख्यांनी ते वाढवले. आपली दिंडी निघाली त्याच काळातली ही गोष्ट. आपले वाडवडील वीणा खांद्यावर घेत होते तेव्हा धुळ्यात कुणीतरी एका फकीर वृत्तीच्या माणसाच्या कागदांची यादी करत होते. दोन्ही सेवाच.

दिंडीतही रुसवेफुगवे होतात. विणेकऱ्याचा मान, कीर्तनाची पाळी, पंगतीत आधी कोण, यावरून दिंड्या फुटल्याचे आपण पाहिले आहे. माणूस रुसला तर रुसू द्यावा, पण त्याच्या रुसण्याने वारी चुकू नये, एवढी घडी हवी.

शेटजींचा पैसा आणि मास्तरांची कळकळ

अमळनेर तर आपले दुसरे पंढरपूर. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिथे आपल्यातले बहुतेक जण लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून गेलेले. त्याच अमळनेरात गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेटजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले. शाळेला आणि पुढे १९४५ साली निघालेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव लागले. तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाचे संशोधन चालावे, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

त्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आलेला एक कोकणातला तरुण पुढे तिथल्याच हायस्कुलात मास्तर झाला आणि १९३० पर्यंत शिकवत राहिला. तेच आपले साने गुरुजी. पैसा शेटजींचा, पण शाळेत जीव ओतला तो मास्तरांनी. देणाऱ्याचे नाव पाटीवर लागते, राबणाऱ्याचे लागतेच असे नाही. तरी दोघांपैकी एक नसला तर संस्था उभी राहत नाही.

याच गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले आणि विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या बांधवांना उघडे झाले. उपोषणाआधी ते महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव बोलले. सार्वजनिक शब्दाचा अर्थ त्यांनी आपल्याला शिकवला. जी जागा सगळ्यांची म्हणायची, तिचे दार सगळ्यांना उघडे असले पाहिजे.

जोग महाराज आणि गाडगेबाबा

खानदेशाबाहेरची दोन नावे घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि १९२० साली ते गेले. हाताशी मिळाली जेमतेम तीन वर्षे. पण बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर असे शिष्य त्यांनी तयार करून ठेवले होते. संस्थेनेही शंभरी ओलांडली, आणि आपल्या सप्ताहांत उभे राहणारे कितीतरी कीर्तनकार तिथेच घडलेले आहेत. इमारतीआधी त्यांनी माणसे उभी केली.

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. लाखोंचे काम केले, पण स्वतःच्या नावावर काही ठेवले नाही. हातात खराटा, डोक्यावर गाडगे. मालमत्ता विश्वस्तांच्या हवाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेकडे सोपवली. देताना हात आखडला नाही, कारण ती आपली आहे असे ते कधी समजलेच नव्हते.

आपल्या जागेची गोष्ट

आता घरचे सांगतो. बाहेरच्यांची थोरवी गाऊन आपले झाकून ठेवणे बरे नाही.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर काही वर्षांनी पंढरीत आपल्या दिंडीला लहानशी जागा घ्यावी असे ठरले. भिशीतून पैसे उरवले, कुणी कापसाच्या पट्टीतून दिले, आयाबायांनी धान्य विकून दिले. एका माऊलीने पायातले चांदीचे वाळे काढून ठेवले. पण खरेदीखत कुणाच्या नावाने करायचे? दिंडी कागदावर कुठेच नव्हती. मग मालकांच्या नावाने केले. ते देवमाणूस. ते असेपर्यंत कुणाच्या मनात किंतु आला नाही.

ते वारले आणि उताऱ्यावर रीतीप्रमाणे वारसांची नावे चढली. त्यांनी काही लबाडी केली नाही, कायदाच तसा आहे. पण घरावर कर्ज होते, आणि पंढरीतल्या जागेला गिऱ्हाईक चालून आले. गावात दोन तट पडले. त्या आषाढीला आपली दिंडी वाळवंटात पाल ठोकून राहिली. स्वतःची जागा असताना आपण परक्यासारखे भिजत बसलो, आणि ज्यांनी वाळे दिले होते त्या आजी काही न बोलता नामस्मरण करत राहिल्या. त्या रात्री कुणाला झोप लागली नाही.

पुढे मारुतीच्या पारावर बैठक बसली. वादावादी खूप झाली. शेवटी मालकांचा थोरला मुलगा उठला आणि म्हणाला, "पैसा देवना शे, मना नही." बैठक गप्प झाली. पण एकट्याच्या सहीने काम भागेना. सगळ्या वारसांच्या सह्या व्हायला दोन वर्षे लागली. आधी संस्थेची नोंदणी, मग तिच्या नावाने बक्षीसपत्र, असे करत जागा दिंडीची झाली. ज्या वर्षी आपण तिथे पुन्हा उतरलो, त्या वर्षी आजी नव्हत्या.

म्हणून कागद लागतो. चांगल्या माणसाच्या मागे त्याच्या लेकरांना आणि गावाला एकमेकांसमोर उभे राहावे लागू नये, यासाठी तो लागतो.

कागद म्हणजे काय काय

इतर दिंड्यांच्या उपयोगी पडावे म्हणून थोडक्यात सांगतो. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा आहे. त्याला किमान सात सभासद लागतात. आपल्याकडे त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंद होते. अर्जासोबत घटना द्यावी लागते. उद्देश काय, सभासद कोण, विश्वस्त कसे निवडायचे, मुदत किती, बैठकीला गणपूर्ती किती, हे तिच्यात हवे. दुसऱ्याची घटना नकलून आणू नका. आम्ही पहिल्या खेपेला आणली होती, तिच्यात वारीचा शब्दच नव्हता!

विश्वस्त बदलला, वारला किंवा राजीनामा देऊन गेला, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज करायचा. इथे बहुतेक संस्था अडकतात. कागदावर तीन मयत विश्वस्त आणि प्रत्यक्षात पाच नवे, अशी गत होते, मग बँक सही मानत नाही. जमीन किंवा इमारत विकायची तर आयुक्तांची आधी परवानगी लागते. हा जाच वाटतो, पण आपल्या जागेची गोष्ट आठवा.

पैशाचे म्हणाल तर रोजकीर्द रोज लिहावी, पावती लगेच फाडावी आणि खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला सूट मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. आणि वारीहून आल्यावर बारशीच्या जेवणाआधी हिशोब मोठ्याने वाचून दाखवावा. तपासनीसाच्या सहीपेक्षा त्या वाचनाची आपल्याला जास्त धास्ती असते, आणि ते बरेच आहे.

पुढच्या शंभर वर्षांसाठी

एक उणीव कबूल केली पाहिजे. आपल्या दिंडीत निम्म्याहून जास्त माऊल्या चालतात. डोक्यावर तुळस त्यांच्या, पहाटेचा स्वयंपाक त्यांचा, जागेसाठी वाळे दिले ते एका माऊलीने. पण विश्वस्तांच्या यादीत इतकी वर्षे एकही बाई नव्हती. ज्या मुलखात तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवांनी मुक्ताबाईला गुरू मानले, त्या मुलखातल्या आपल्याला हे शोभत नाही. या शताब्दी वर्षात दोन माऊल्यांना विश्वस्त म्हणून घ्यायचे, असा ठराव मांडला आहे. काही जुन्या मंडळींची कुरकुर आहे. ती ऐकून घेऊ, पण ठराव मागे घेणार नाही.

दुसरे, तरुण पोरांना हाताशी धरायचे आहे. जोग महाराजांना तीन वर्षे पुरली. आपण शंभर वर्षांत किती जणांना रोजकीर्द लिहायला शिकवले, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे. यंदापासून प्रत्येक विश्वस्ताने एका तरुणाला किंवा तरुणीला सोबत घेऊन दप्तर दाखवायचे ठरले आहे.

पहिल्या दिंडीतली वीणा अजून आपल्याकडे आहे. तिच्या तारा कितीदा बदलल्या, खुंट्या बदलल्या, खांदे तर किती बदलले ते मोजता येणार नाही. वारी सुरू झाल्यापासून परत येईपर्यंत ती खाली टेकवत नाहीत. एकाचा खांदा दुखला की दुसरा पाया पडून ती घेतो. संस्थेची किल्ली आणि वहीसुद्धा तशीच पाया पडून घ्यावी, तशीच पाया पडून द्यावी, एवढे मागणे पांडुरंगाच्या चरणी.

राम कृष्ण हरि.