बळाचा वांटा

व्यायामानें कमावलेलें बळ आपल्याच देहाच्या शोभेसाठीं राखावें, कीं त्यांत शेजाऱ्याचाही वांटा मानावा?

१८७४ सालीं ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन रस्किन यांस हाच प्रश्न पडला. होड्या वल्हविण्यांत व क्रिकेटांत तरुणांचें बळ व्यर्थ जातें, असें पाहून त्यांनीं विद्यार्थ्यांच्या हातीं कुदळफावडीं दिलीं व जवळच्या हिंक्सी गांवचा रस्ता बांधावयास घेतला. रस्ता ओबडधोबडच झाला. पाहणाऱ्यांनीं थट्टाही केली. परंतु त्या तुकडींतील मुकादम आर्नल्ड टॉयन्बी पुढें गरिबांच्या सेवेंत रमला. तो १८८३ सालीं ऐन तिशींत वारला. त्याचें नांव धारण करणारा टॉयन्बी हॉल १८८४ सालीं पूर्व लंडनांत निघाला.

त्याच पूर्व लंडनांत २००९ सालीं आयव्हो गॉर्मली यांनीं 'गुडजिम' ही संस्था काढली. तिचे सभासद जथ्यानें धांवत जाऊन सार्वजनिक बागांत माती उपसतात, झाडें लावतात. कोणी एखाद्या एकाकी वृद्धाकडे नेमानें धांवत जातो, घटकाभर बोलत बसतो व परततो. त्या वृद्धास तेथें 'कोच', म्हणजे आपल्या तालमींतील वस्ताद, म्हणतात. हें नांव गमतीचें खरें, पण अर्थपूर्ण आहे. वृद्ध वाट पाहत असतो, म्हणून धांवणाऱ्याचा नेम सहसा मोडत नाहीं.

हिंक्सीस विद्यार्थी देणारे व गांवकरी घेणारे होते. येथें देणारा कोण व घेणारा कोण, हें सांगणें कठीण. ज्या सेवेंत घेणाऱ्यास ओशाळावें लागत नाहीं, तीच आम्ही खरी सेवा समजतों.