परमुलखाची चाकरी आणि पदरची शिल्लक



मुंबई-पुणे द्रुतगति मार्ग जेथून सुरू होतो, त्या कळंबोलीचें नांव काढतांच लोखंडाचा बाजार डोळ्यांपुढें येतो. मुंबई शहरांतील वखारींची गर्दी हलवावी म्हणून सिडकोनें हा बाजार खाडीपलीकडे वसविला. येथील व शेजारच्या तळोजें औद्योगिक वसाहतींतील जोडारी, वेल्डर, क्रेनवाले आपापल्या कामांत वाकबगार. त्यामुळें त्यांच्या घरीं एक प्रश्न नेहमींचाच झाला आहे: बाहेर जावें तर कोणत्या देशीं? दुबई कीं कतार, सौदी अरबस्तान कीं सिंगापूर? चार पैसे अधिक कोठें मागें पडतील? प्रश्न आजचा वाटतो खरा. परंतु कोंकणांतील मराठी माणसानें तो दीडशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं प्रत्यक्ष अनुभवानें सोडवून पाहिला आहे.

मॉरिशस बेटांत १८३५ सालीं गुलामगिरी संपली आणि उंसाच्या मळेवाल्यांना मजूर मिळेनासे झाले. तत्पूर्वींच, २ नोव्हेंबर १८३४ रोजीं, ‘अ‍ॅटलस’ जहाजानें कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरांत उतरविले होते. पुढें सुमारें साडेचार लक्ष हिंदी माणसें कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून तेथें गेलीं. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसें पुष्कळ होतीं. या लोकांनीं देश ‘निवडला’ असें म्हणणें थोडें धाडसाचेंच. निवड बहुधा दलालानें केलेली असे. तरीहि खडकाळ वरकस जमीन, सावकाराचें देणें आणि तिकडे ठरलेला रोख पगार, हा हिशेब त्यांनीं मनाशीं केला नसेल असें मानणें म्हणजे त्यांना भोळेंभाबडें ठरविणें होय.

तो हिशेब आपणहि करून पाहूं. प्रारंभींच्या करारांत मुदत ५ वर्षांची, आणि पुरुषास दरमहा ५ रुपये व शिधा. म्हणजे कागदावर ३०० रुपये. त्यांतून परतीच्या जहाजभाड्यासाठीं दरमहा १ रुपया कापून ठेवीत. ते ६० रुपये वजा. ६ महिन्यांचा पगार निघण्यापूर्वींच उचल म्हणून दिलेला असे, आणि तो देणें फेडण्यांतच जावयाचा. ते ३० वजा. उरले २१०. पुढें ‘दुहेरी कपाती’ची रीत आली: एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी बुडे. महिनाभर गैरहजर ठरलेल्या मनुष्याचे यांत १० रुपये गेले. कापड, तंबाखू, सणवार हें सारें त्याच उरलेल्यांतून. मोफत परतीचा हक्कहि कालांतरानें काढून घेण्यांत आला. १८६७ च्या भटकेपणाच्या कायद्यानें तर करार संपलेल्या मजुरालाहि छायाचित्राचा परवाना जवळ बाळगावा लागे, आणि त्याच सुमारास हिवतापाच्या सांथीनें हजारों माणसें दगावलीं.

आणि तरीहि कांहींच्या पदरीं पैसा उरला. साखरेचा धंदा मंदावल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, मळेवाल्यांनीं आपल्या जमिनी तुकड्यातुकड्यांनीं विकावयास काढल्या, आणि त्या घेणारे हेच माजी मजूर होते. माझ्या मतें या सर्व कहाणींतील हा सर्वांत लक्षणीय भाग आहे. शिल्लक घेऊन गांवीं परतावें म्हणून गेलेल्यांपैकीं जे खऱ्या अर्थानें सुस्थितींत आले, ते परतले नाहींत. आज मॉरिशसमध्यें गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुटी असते, ती त्यांच्याच वंशजांमुळें.

पूर्व आफ्रिकेची गोष्ट थोडक्यांत सांगतों. गोमांतकांतील पुष्कळ सुशिक्षित तरुण तेथें सरकारी कचेऱ्यांत कारकून झाले. १९२० पर्यंत तेथें रुपयाच चाले, म्हणून बचत घरीं धाडण्यांत नाण्याची अडचण नव्हती. परंतु १९७२ च्या ऑगस्टांत इदी अमीननें युगांडांतील आशियाई लोकांना ९० दिवसांत चालते होण्यास फर्माविलें. घरें व दुकानें जागच्या जागीं राहिलीं.

आखाताचा इतिहास मात्र सावकाश पाहण्याजोगा आहे. कुवेत, बहरीन, कतार, दुबई या ठिकाणीं पूर्वीं आपलाच रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळें १९५९ सालीं तेथल्यासाठीं निराळ्या नोटा काढाव्या लागल्या. १९६१ त कुवेतनें व १९६५ त बहरीननें स्वतःचा दिनार सुरू केला. ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला, तेव्हां उरलेल्यांनींहि रुपयाचा निरोप घेतला. १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले आणि कारागिरांची मागणी एकदम वाढली. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दरानें बांधलेला आहे. डॉलर १७ रुपये होता तेव्हां १,००० रियालांचे सुमारें साडेचार हजार रुपये होत. डॉलर ८० रुपये झाल्यावर त्याच रियालांचे २१ हजारांहून अधिक झाले. ज्याचा पगार दहा वर्षें तसूभर हलला नाहीं, तोहि या फरकाला आपली बढती समजतो! गांवाकडील जमिनीचा भाव त्याच काळांत काय झाला, हें त्यानें विचारलेलें नसतें.

जुनी उचल आजहि निराळ्या वेषांत आहेच. १९८३ च्या प्रवासन कायद्याखालीं नोंदणी झालेल्या एजंटानें ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेऊं नये असा नियम आहे. परंतु समजा, एखाद्यानें दीड लाख रुपये शेंकडा दरमहा २ च्या व्याजानें काढून एजंटाला दिले, तर मुद्दल जसेंच्या तसें असतां निव्वळ व्याजच दरमहा ३,००० होतें. अशा मनुष्यास दुबईचा पगार मोठा कीं सिंगापूरचा, हा प्रश्न पहिलीं दोन वर्षें गौणच होय.

आतां कुवेतची हकीकत सांगून थांबतों. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकी सैन्य तेथें शिरलें. कुवेती दिनार म्हणजे जगांतील अत्यंत महाग चलन. तो इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरविण्यांत आला आणि नंतर रद्दच करण्यांत आला. एअर इंडियाच्या विमानांनीं, मुख्यतः अम्मानमार्गें, सुमारें १,७०,००० हिंदी लोक परत आणले. ज्यांनीं महिन्याचे पैसे महिन्यास घरीं धाडले होते, त्यांची शिल्लक गांवच्या बँकेंत सुरक्षित होती. ज्यांनीं ती तिकडेच सांठविली, ते हातीं पिशवी घेऊन उतरले. कुवेत मुक्त झाल्यावर १९९१ सालीं नव्या नोटा निघाल्या. त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांनीं भरपाईचें मंडळ नेमलें, आणि देश सोडावा लागलेल्या एकट्या मनुष्यास २,५०० डॉलर व कुटुंबास ५,००० डॉलर असा मूळ दर त्यानें ठरविला.